मिरवणुकीचा मार्ग

गेल्या वैशाखात नात्यातील एका लग्नाच्या निमित्ताने आम्हांस खानदेशच्या सीमेलगतच्या एका लहानशा गावी चार दिवस राहण्याचा योग आला. लग्नघर म्हटले की पाण्याची ओढाताण आलीच. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हीही हाती बादली घेऊन गावविहिरीची वाट धरली. विहिरीपासून थोड्या अंतरावर, अगदी रस्त्याला लागून, धुणे धुण्यासाठी बांधलेला एक ओटा दिसला. काम चोख होते. फरशी गुळगुळीत, पाणी वाहून जाण्यास उतार, वर पत्र्याचे छप्पर, आणि दर्शनी भागी योजनेचे नाव, खर्चाची रक्कम व उद्घाटनाची तारीख कोरलेली शिला. ओट्यावर मात्र गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. गावातील बायका विहिरीच्या मागल्या अंगाला, बाभळींच्या आडोशाने, ओबडधोबड दगडांवर धुणी आपटीत होत्या.

आम्ही त्यांतल्या एका वडीलधाऱ्या काकूंना विचारले, "काकू, एवढा चांगला ओटा सोडून इथे खडकावर का?" काकू हसल्या आणि पिळा झटकीत म्हणाल्या, "अहो भाऊ, त्या ओट्याचं तोंड रस्त्याकडं. गाडी थांबते ती तिथंच. घरातले परकर-पोलकी घेऊन चारचौघांसमोर कोण बसणार? आणि उंची ही अशी! उभ्यानं धुवायचं तर पाठ मोडते, बसायला म्हणावं तर जागा नाही." "मग बांधताना सांगितलं का नाही?" या आमच्या प्रश्नावर त्या क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिल्या. "विचारलं कुणी? आमच्यासाठी काही केलंय हे आम्हांला पाटी लागली तेव्हा कळलं."

वाचकहो, या ओट्याच्या कामात कोणी पैसा खाल्ला असे म्हणावयास आम्हांस काही आधार दिसला नाही. सिमेंट चांगले होते, गवंडी हुशार होता, आणि कागदोपत्री ते काम "पूर्ण" म्हणूनच नोंदले गेले असणार. सार्वजनिक कामांविषयी आपण बोलू लागलो की आपले बोलणे हमखास लाचलुचपत आणि ढिलाई या दोन शब्दांशी येऊन थांबते. ते दोन्ही रोग खरेच आहेत. परंतु प्रामाणिकपणे केलेले, वेळेत संपलेले आणि तरीही वाया गेलेले काम हा एक तिसरा प्रकार आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच थोडी होते. त्या ओट्यासाठी काकूंना एक प्रश्न विचारण्यास फार तर अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास वाचवला गेला आणि सारा ओटा गोवऱ्यांच्या कामी आला.

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे, गरिबांना मान द्यावा एवढाच त्याचा अर्थ आहे, असे कोणी समजू नये. हिशेबानेही तो तपासला गेलेला आहे. जागतिक बँकेच्या दीपा नारायण यांनी १९९५ मध्ये ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या १२१ योजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या योजना आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील ४९ देशांतील होत्या. ज्या योजनांची आखणी करतानाच पाणी वापरणाऱ्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता, त्यांपैकी दहांतील सात यशस्वी ठरल्या; ज्यांत तो नव्हता, त्यांत दहांतील अवघी एक. पैसा, यंत्रे, सरकारी मनुष्यबळ हे सारे जमेस धरूनही हा फरक उरला. म्हणजे ज्याला आपण शिष्टाचार समजतो, ते खरे तर अभियांत्रिकीइतकेच रोकडे साधन आहे.

याचे कारणही गूढ नाही. कोणत्याही सार्वजनिक कामाला दोन तऱ्हांचे ज्ञान लागते. नळी किती इंचांची हवी, टाकी किती उंचीवर हवी, बंधाऱ्याचा पाया किती खोल घालावा हे इंजिनिअर जाणतो. परंतु पहाटे किती वाजता पाणी आले तर घरातील कामे उरकतात, कोणत्या गल्लीत सून एकटी पाण्याला जाऊ शकते, कोणाच्या दारातला नळ सर्वांचा राहील आणि कोणाच्या दारातला त्याचाच होऊन बसेल, हे ज्ञान कोणत्याही नकाशावर उमटत नाही. ते त्या काकूंपाशी असते. दुसरे कारण असे की, ज्या कामात आपले मत घेतले गेले ते काम माणूस आपले मानतो. नळाची तोटी गळू लागली तर एक जण "सरकारची तोटी" म्हणून पुढे जातो, दुसरा चिंधी बांधतो आणि संध्याकाळी चार जणांना गोळा करून नवी आणतो. हा फरक स्वभावाचा म्हणून आपण सोडून देतो. पण तो बहुतेक वेळा त्या तोटीच्या जन्मकथेतच दडलेला असतो.

ही गोष्ट आपल्या लोकांनी परक्या पंडितांकडून शिकावी अशी मुळीच नव्हती. खानदेशात आणि नाशिकच्या उत्तर भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर कित्येक शतके चालत आलेली फड पद्धती पाहावी. नदीला लहानसा बंधारा घालून पाटाने पाणी वळवावयाचे, आणि त्या पाटाखालील जमिनीचे फड पाडावयाचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि ते पीक दरसाल आळीपाळीने फिरवावयाचे, असा शिरस्ता. पाणी सोडण्यास पाटकरी, पिकाची राखण करण्यास जागल्या, वर देखरेखीला हवालदार. आणि या साऱ्यांची नेमणूक करणारे व त्यांचा मेहनताना देणारे शेतकरीच. पाटातला गाळ काढावयाचा तर प्रत्येक घरातून माणूस जाई. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. म्हणून पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवण्याची वेळ आली, तर त्या नुकसानीची झळ एकट्यादुकट्याला न बसता सर्वांत वाटली जाई. पाटकरी आपला पगार ज्यांच्याकडून घेतो त्यांच्याच डोळ्यांदेखत पाणी सोडतो, यापेक्षा उत्तम तपासनीस कोणत्या खात्याला मिळाला आहे? पुढे वरच्या अंगाला मोठी धरणे झाली, पाण्याची सूत्रे कचेऱ्यांकडे गेली, आणि पुष्कळ फड मोडकळीस आले.

त्या मोडलेल्या परंपरेचा धागा नाशिक जिल्ह्यातच पुन्हा जोडला गेला, हेही येथे सांगितले पाहिजे. १९९० च्या सुमारास वाघाड धरणाच्या कालव्यावर, ओझर येथे, समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. ओझर कालव्याच्या शेपटाकडे; म्हणजे जेथे पाणी पोहोचण्याआधीच संपते तेथे. ज्याला पाण्याची सर्वांत अधिक वाण, त्यानेच व्यवस्था हाती घेतली. संस्थेने पाणी मोजून घ्यावयाचे, सभासदांत वाटावयाचे, पट्टी स्वतः गोळा करून सरकारात भरावयाची, असा हा व्यवहार. पुढे महाराष्ट्रात २००५ मध्ये शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, त्यामागे अशा प्रयोगांचे पाठबळ होते.

खानदेशातून सातपुडा आणि नर्मदा ओलांडून माळव्यात यावे, तो याच विषयावरील एक अशी कथा भेटते की ती आमच्या इंदूरच्या वाचकांनी आपल्या नातवंडांना जरूर सांगावी. प्लेगने त्या काळी शहरांना वर्षानुवर्षे ग्रासले होते. अशा वेळी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरची पाहणी करण्यास बोलावले. गेडिस मुळात जीवशास्त्राचा अभ्यासक. डॉक्टर जसा रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे गल्लीबोळ पायी हिंडल्यावाचून शहराचा आराखडा करू नये, असे त्याचे मत. घरे सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्याचा विरोध असे. जेथे अगदी आवश्यक तेथेच थोडी काटछाट करावी, बाकीचे तसेच सुधारावे, ही त्याची रीत.

१९१७ सालच्या दिवाळीत गेडिसने एक अजब मागणी केली. शहराच्या मोठ्या मिरवणुकीची व्यवस्था एक दिवस आपल्या हाती द्यावी, एवढीच ती मागणी. तुकोजीराव महाराजांनी ती मान्य केली. मग शहरभर दवंडी पिटली गेली की, यंदा मिरवणूक ठरलेल्या जुन्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत स्वच्छ व डागडुजी केलेली आढळतील त्या रस्त्याने जाईल. घराघरांतला केरकचरा फुकट वाहून नेण्याची सोयही करण्यात आली.

पुढे काय झाले असेल याची कल्पना कोणाही गृहिणीला करता येईल. मिरवणूक आपल्या दारावरून जावी ही इच्छा कोणाला नसते? आळी-आळींत चढाओढ लागली. वर्षानुवर्षे माळ्यावर आणि परसात साठलेला कचरा हजारो गाड्या भरून बाहेर निघाला. घरांना रंग-सफेदी झाली. उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड आकृती होती आणि घाणीचा राक्षसही होता. शेवटी त्या दोहोंचे दहन झाले. परंतु आमच्या मते त्या मिरवणुकीतील सर्वांत महत्त्वाचे दृश्य निराळेच होते. शहराची झाडलोट करणारे सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे आणि गळ्यात हार घालून, आपल्या सजवलेल्या गाड्यांसह, मिरवणुकीत मानाने चालत होते. ज्यांची सावली टाळावी असे मानणारे लोक त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून त्यांनाच पाहत होते. मिरवणुकीनंतर घरोघर लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली. गेडिसचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नगररचनेच्या अभ्यासकांत तो आजही वाचला जातो.

येथे नीट पाहण्याजोगी गोष्ट अशी की, गेडिसने लोकांना स्वच्छतेवर व्याख्यान दिले नाही आणि दंडाची भीतीही घातली नाही. त्याने एक निर्णय लोकांच्या हाती दिला. मिरवणूक कोठून जाणार हे त्या वर्षी नागरिकांच्या झाडूने ठरले. आपल्या करण्याने काही तरी बदलते, ही खात्री पटली की माणूस किती राबतो याचा तो दाखला होता.

याच शहरात सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी घडलेली दुसरी कथा तितकीच बोधप्रद आहे, पण तिची चव कडवट आहे. १९८९ पासून १९९७ पर्यंत इंदुरात ब्रिटिश सरकारच्या साह्याने वस्तीसुधारणेची एक मोठी योजना राबवली गेली. हिमांशु पारीख या इंजिनिअरची तीमागील कल्पना खरोखर तल्लख होती. शहरातील गरीब वस्त्या बहुधा खान आणि सरस्वती या नद्यांच्या व त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी वसलेल्या. पाणी ज्या बाजूला स्वभावतःच वाहते त्याच बाजूला त्या असल्याने, या वस्त्यांतून गटारे काढून ती एकमेकांना जोडली तर साऱ्या शहराचीच मलनिस्सारण व्यवस्था उभी राहील, असा तो विचार. सार्वजनिक संडासांऐवजी घरोघरी संडास, आणि तो थेट गटाराला जोडलेला. १८३ वस्त्या, साडेचार लाखांच्या आसपास माणसे. १९९८ मध्ये या योजनेला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशीचे लोक ती पाहावयास आले.

पुरस्काराच्या आगेमागेच तक्रारी सुरू झाल्या. संडासात ओतावयास पुरेसे पाणीच नव्हते. अनेक घरांनी जोडणी घेतलीच नाही. गटारे तुंबू लागली. बांधणारी संस्था एक आणि देखभाल करणारी दुसरी, त्यामुळे तुंबलेले गटार कोणाचे हा वाद. गीता देवन वर्मा यांनी २००२ मधील आपल्या पुस्तकात या योजनेचे कठोर परीक्षण केले आहे. आमच्या विषयापुरता मुद्दा इतकाच की, नकाशा उत्तम होता, पण नकाशातल्या रेषांवर ज्यांची घरे होती त्यांच्याशी बोलणे मात्र अपुरे राहिले. घरात दिवसाला किती पाणी येते, हा प्रश्न वस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारला असता तर संडास जोडण्याआधी नळ जोडला पाहिजे हे तिने तेथल्या तेथे सांगितले असते.

विशेष हे की, त्याच कल्पनेचा पुढचा प्रयोग १९९५ नंतर अहमदाबादेत झाला, तेव्हा रीत बदलली होती. "परिवर्तन" नावाच्या त्या योजनेत प्रत्येक कुटुंबाने २००० रुपये आपल्या पदरचे घालावयाचे, असे ठरले. सेवा बँकेच्या मदतीने बायकांनी ते थोडेथोडे साठवले. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने मोठी नव्हती. परंतु वर्गणी दिलेला माणूस हिशेब विचारतो, हे आपल्यापैकी ज्यांनी परगावी गणेशोत्सवाची मंडळे चालवली आहेत त्यांना निराळे सांगावयास नको. ज्याने अकरा रुपये दिले, तो मांडवाच्या बिलाविषयी एकशे एक देणाऱ्यापेक्षा अधिक चौकशी करतो, आणि ते योग्यच आहे.

आता या बाजूने इतके बोलल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोकांना विचारले की सारे काही सुधारते, असा भाबडा समज आम्ही पसरवू इच्छीत नाही. बाल्टिस्तानच्या डोंगराळ मुलखातील ९९ गावांमधल्या १३२ लहान कामांचा अभ्यास असीम इजाज ख्वाजा यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. पाट, लहान रस्ते अशी ती कामे. त्यांतून निघालेला निष्कर्ष फार मार्मिक आहे. कोणते काम घ्यावे, ते कोणाच्या सोयीचे असावे, श्रमाची वाटणी कशी करावी, अशा गोष्टी गावाने ठरवल्या तेथे कामे अधिक चांगली टिकली. पण बांधकामाच्या तांत्रिक बाबीही गावानेच ठरवल्या, तेथे ती उलट अधिक बिघडली. म्हणजे काकूंनी ओट्याचे तोंड कोणीकडे असावे हे सांगावे, पण पायाचा मसाला इंजिनिअरने ठरवावा. प्रत्येकाने आपल्याला जे ठाऊक आहे ते बोलावे, आणि दुसऱ्याने ते ऐकावे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. "लोकांना विचारले" असे म्हणताना लोक म्हणजे कोण? गावसभा भरते ती संध्याकाळी, नेमकी चूल पेटण्याच्या वेळी. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम केला, की कागदावर नावे बायकांची लागतात आणि खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात. ज्याचा आवाज मोठा त्याच्या अंगणात नळ येतो, आणि इतिवृत्तात "एकमताने मंजूर" असे लिहिले जाते. अशा सहभागाने काम सुधारत नाही. उलट चुकीच्या कामाला लोकमान्यतेची मोहोर मिळते, आणि पुढे तक्रार करणाऱ्याला "तुमच्याच सभेने ठरवले" असे सुनावता येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया, गावातील नळयोजनेच्या खर्चात ग्रामस्थांचा सामान्यतः दहा टक्के वाटा, आणि पाणी तपासण्याचे शिक्षण गावातल्याच पाच स्त्रियांना, अशा तरतुदी आहेत. त्या शहाणपणाच्या आहेत. मात्र त्यांचा जीव कागदावरील सह्यांत नाही. त्या पाच जणींपैकी एकीने "हे पाणी पिण्याजोगे नाही" असे म्हटले, तर त्या दिवशी पाणी बंद होते की तिचे तोंड, यावर त्यांचे यश ठरेल.

हे आम्ही एवढ्या तीव्रतेने का म्हणतो ते इंदूरकर वाचकांनी ओळखलेच असेल. गेडिसच्या त्या दिवाळीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरने पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे सलग सात सर्वेक्षणांत तो राखला; सातव्या खेपेस सुरत बरोबरीला होते. हे यश केवळ गाड्यांचे आणि यंत्रांचे नव्हते. घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला जाऊ लागला, पुढे तो सहा प्रकारांत वेगळा होऊ लागला. सकाळी कचऱ्याच्या गाडीचे गाणे ऐकताच डबे घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या लाखो हातांचे ते यश होते. त्याचा अभिमान आम्हांसही आहे.

आणि त्याच शहरात २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळाला सांडपाणी मिसळलेले पाणी आले. शेकडो माणसे आजारी पडली. अनेकांचे प्राण गेले. पाण्याला वास येतो, रंग बदलला आहे, हे त्या वस्तीतील लोक आधीपासून सांगत होते. घरातल्या बाईने तांब्या नाकाशी नेऊन ओळखले, तेच पुढे प्रयोगशाळेने ओळखले. मधल्या काळात जे गेले ते परत येणार नाहीत.

या दोन गोष्टी एका शहरात कशा घडल्या, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आम्हांस त्याचे उत्तर असे दिसते. आपण ज्याला नागरिकांचा सहभाग म्हणतो त्याच्या दोन बाजू आहेत. एक बाजू आहे नागरिकाने करावयाची: कचरा वेगळा ठेवणे, पट्टी वेळेवर भरणे, श्रमदानाला येणे. दुसरी बाजू आहे नागरिकाचे ऐकून घेण्याची: आखणी होण्यापूर्वी त्याला विचारणे, आणि काम झाल्यावर त्याच्या तक्रारीला कागद न समजता सूचना समजणे. पहिल्या बाजूची शिस्त आपण पुष्कळ कमावली. दुसरी बाजू लुळी राहिली, तर पहिलीला सहभाग म्हणणे व्यर्थ. ती नुसती आज्ञाधारकता होते. आज्ञाधारक नागरिकाचा हात कामाला येतो, पण त्याचे डोळे, नाक आणि अनुभव वाया जातात. आणि कित्येकदा प्राण वाचवणारे ज्ञान तेथेच असते.

कायद्याने वाटा मोकळ्या केल्या आहेत. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. परंतु आपल्यासारख्या, पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी कुटुंबांत एक संकोच आम्ही नेहमी पाहतो. ग्वाल्हेर असो, बडोदे असो, बेळगाव असो वा हैदराबाद, मंडळाच्या सभागृहात आपण तासन्‌तास हिरिरीने बोलतो. सतरंज्या किती, पंगत कितीची, पखवाज कोणाचा, याचा काटेकोर हिशेब मांडतो. पण नगरपालिकेने दारासमोरची नाली खोदली की खिडकीतून पाहतो आणि म्हणतो, "आपण काय बोलणार? ह्यांचे गाव." ज्या गावी आपले आजोबा गेले, जेथे आपली मुले शाळेत जातात, जेथल्या नळाचे पाणी आपल्या देवाच्या तांब्यात असते, ते गाव परके कसे? तेथल्या भाषेत चार वाक्ये चुकली म्हणून नालीचा उतार चुकीचा आहे हे खोटे ठरत नाही.

आमचे मागणे मोठे नाही. आपल्या गल्लीत एखादे सार्वजनिक काम निघाल्याचे कळले, तर खोदाई सुरू होण्यापूर्वी एकदा जाऊन नकाशा दाखवावयास सांगावे. जाताना एकट्याने न जाता शेजारच्या दोन घरांना घ्यावे, आणि त्यांत पाणी भरणारी एक तरी बाई असावी. तक्रार तोंडी न करता लिहून द्यावी, तारीख घालावी, आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारावे. आपल्या मंडळाने वर्षातून एक बैठक उत्सवाऐवजी वॉर्डासाठी ठेवावी. अशा बैठकीला हार-तुरे लागत नाहीत. चहा लागतो तेवढा मात्र ठेवावा.

लग्न आटोपून निघताना आम्ही पुन्हा विहिरीवरून गेलो. काकू तेथेच होत्या. आम्ही म्हटले, "काकू, ओट्याचं तोंड फिरवता येणार नाही, पण रस्त्याच्या बाजूनं एक आडवी भिंत घातली, आणि बसायला खाली एक पायरी केली, तर?" त्यांनी ओट्याकडे पाहिले, हाताने उंची मोजल्यासारखे केले, आणि म्हणाल्या, "पायरी नको. गोवऱ्या काढून तिथंच दोन दगड ठेवले की भागतं. भिंत मात्र पाहिजे. तेवढं लिहून द्या कुणाला तरी." आम्ही कागद काढला. त्या सांगत गेल्या आणि आम्ही लिहीत गेलो. खाली त्यांच्यासह अकरा जणींनी सह्या केल्या. दोघींनी अंगठे उठवले. तो अर्ज योग्य जागी पोहोचवून आम्ही परतलो. त्याचे पुढे काय होते ते पाहावयाचे आहे. मिरवणूक त्यांच्या दारावरून जाते की नाही, हे आता त्या कागदाच्या वाचकावर अवलंबून आहे.